चौकी सोडली

“ताई, बसून बोला. उभ्या उभ्या भांडून इतिहास बदलत नाही.”

“बसायला नाही आले मी,” म्हातारी म्हणाली आणि गुडघे धरत बसली.

समोरच्या निवृत्त मेजरसाहेबांना घरात ‘पुरावेसाहेब’ म्हणत. दाढ दुखतेय म्हटलं तरी हे आधार विचारतील, असं त्यांची बायको सांगे. सैन्यातून बाहेर पडल्यावर पंचवीस वर्षं ते लढायांचा इतिहास लिहीत होते. आता त्यांच्या पलटणीच्या इतिहासाचा शेवटचा खंड छापायला निघाला होता, आणि त्यातल्या यादीवरून स्मारकाच्या दगडावर नावं कोरायची होती. म्हातारीच्या धाकट्या भावाचं नाव यादीत नव्हतं.

“एकेचाळीस वर्षं आम्हाला पळपुट्याचं घर म्हणतात. माझं ठरलेलं लग्न त्यापायी मोडलं. कशावरून पळाला तो, तेवढं दाखवा.”

प्रश्न आधाराचा, म्हणजे साहेबांच्या आवडीचा. त्यांनी उठून लढाईच्या रोजनिशीची प्रत काढली. काढताना चेहऱ्यावर थोडा अभिमानही होता, हे सांगायला हवं. ती रोजनिशी त्यांनीच लिहिली होती. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते आणि खंदकात टेलिफोन सांभाळत होते.

“ऐका. ‘दुपारी दोन दहा. पुढच्या चौकीवरून फोन. जवान एकटा उरला. म्हणाला, येतो साहेब. चौकी सोडली.’ फोन मीच घेतला होता. जागा सोडायची नाही असा हुकूम होता, तरी हा येतो म्हणाला. मग चौकी गेली. हा ना मेलेल्यांत सापडला, ना कैद्यांत.”

म्हातारीने त्या ओळीवर बोट ठेवलं. “कुठल्या वाटेनं येतो, कधी पोचतो, काही बोलला?”

“नाही. फोन ठेवला.”

“साहेब, घरातून निघताना तुम्ही काय म्हणता? जातो?”

साहेबांनी रोजनिशीवरून नजर वर उचलली.

“जातो म्हटलं की आमची आई पायरीवरून मागं बोलवायची. येतो म्हण, मगच सोडायची. अहो, तो तुमचा निरोप घेत होता!”

साहेब स्वतः जन्मभर ‘येतो’च म्हणत आले होते. लढाईला निघतानाही आईला तेच म्हणाले होते. मग त्या दुपारी हा साधा अर्थ कसा सुचला नाही? कारण त्या दुपारी त्यांना स्वतःलाच मागे यायचं होतं. तोफांचे गोळे जवळ पडत होते, आणि जगातल्या प्रत्येकाला पळायचंच असणार असं ते धरून चालले होते. दुसऱ्यांच्या कागदांची चिरफाड करण्यात हयात गेली, पण स्वतःची ही ओळ त्यांनी कधी तपासली नव्हती. शरमेनं त्यांची मान वर होईना.

“दोन्ही अर्थ निघतात, ताई,” ते शेवटी म्हणाले. “पण त्याला चौकी सोडताना मी पाहिलं नव्हतं. ते मी माझ्या मनचं लिहिलं. चूक माझी आहे. आत्ता लिहून देतो, छापखान्यालाही कळवतो.” त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. “‘चौकी सोडली’ काढायचं. पळाल्याचा पुरावा नाही, म्हणजे तिथं ‘लढताना ठार’...”

“ठार?” म्हातारी दचकली. “ठारच लिहावं लागेल?”

“दगडावर मेलेल्यांचीच नावं असतात.”

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“आई म्हणायची, पळाला ना, मग जिवंत आहे. लोक तोंडावर थुंकेनात का, माझं पोर कुठंतरी दोन घास खातंय. त्या आशेवर ती नव्वदीपर्यंत जगली.” तिने डोळे पुसले. “लोकांशी भांडायचे मी. पण मनातून मीही तेच धरून होते हो.”

म्हातारी उठली आणि दारापाशी जाऊन थांबली.

“लिहा. लिहायलाच हवं. फक्त मी घरी पोचेपर्यंत थांबा.”

“किती वेळ लागतो?”

“दोन बस बदलाव्या लागतात.”

कठड्याला धरून ती एकेक पायरी उतरली. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. आतून बायकोने जेवायला हाक मारली, दोनदा मारली.

“थांब जरा,” ते म्हणाले. “अजून पहिलीच बस मिळाली असेल तिला.”