बाहीवरची दुहेरी घडी

मित्रांनो, कोळशावर तापणारी एक जुनी इस्त्री तुमच्याशी बोलते आहे. तुमच्या घरी विजेची हलकी इस्त्री असेल, बटण दाबले की तापणारी. माझे तसे नव्हते. माझे झाकण उघडून पोटात निखारे भरावे लागत, आणि मला उचलताना भल्याभल्यांचा खांदा उतरत असे. ओतशाळेत माझा जन्म झाला. माझे बूड घासून गुळगुळीत करणारा कारागीर म्हणाला होता, "ही जाईल तिथं नाव काढेल." मी नाव काढले खरे, पण ते कोणी मोठ्याने घेत नाही.

मला एका लाँड्रीवाल्याने विकत घेतले. त्याचे दुकान गल्लीच्या तोंडाशी होते. पुढे कपडे घ्यायचा लाकडी फळा, आत घोंगडी अंथरलेले टेबल, मागे धुतलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यांची मांडणी, आणि वरच्या दोन खोल्यांत त्याचे राहणे. मालक अबोल होता, पण त्याचा हात सोन्याचा होता. आमच्या दुकानातून गेलेल्या सदऱ्याच्या बाहीवर एकच सरळ, धारदार घडी असे. लोक तिचे कौतुक करत आणि मी मनातल्या मनात फुशारून जात असे.

एक गिऱ्हाईक मात्र नेहमी एकच राखाडी कोट घेऊन येई. कोट स्वच्छच असे. तो माणूस सरकारच्या गुप्त खात्यातला होता, आणि आमचा मालकही त्याच खात्याचा हेर होता. हे मला फार उशिरा कळले.

माणूस तोंडाने खोटे बोलतो, पण त्याच्या कपड्यांना ते जमत नाही. कोणाच्या खिशाच्या शिवणीत कसली भुकटी आहे, कोणाच्या कफावर कसला डाग आहे, हे मालक एका नजरेत ओळखत असे. बंदी घातलेली पत्रके चोरून छापणाऱ्यांना खाते शोधत होते. छापखान्याची शाई धुऊन जात नाही. तसा डाग दिसला की मालक त्या माणसाच्या सदऱ्याच्या डाव्या बाहीवर एकाऐवजी दोन घड्या घालत असे, अगदी शेजारी शेजारी. बघणाऱ्याला वाटावे, धोब्याचा हात चुकला. कागद नाही, चिठ्ठी नाही. सदरा घालून तो माणूस रस्त्यावर आला की कोपऱ्यावर उभी असलेली खात्याची माणसे बाही बघत आणि मुकाट्याने त्याच्या मागे चालू लागत.

त्या दोन घड्या मीच घालत होते, मित्रांनो. किती सुबक येतात म्हणून मी खूश होते! पुढे मागच्या मांडणीवर काही गठ्ठे तसेच पडून राहू लागले. ते न्यायला कोणी आले नाही. तेव्हा माझ्या लक्षात आले, आणि पोटात निखारे असूनही मी गार पडले.

गल्लीत चित्रकला शिकवणारे एक गुरुजी राहत. बायको वारलेली, पदरात लहान मुलगी. मालकाशी त्यांचे छान जमायचे. टेबलाच्या कडेला बसून दोघे चहा पीत आणि मुलगी माझ्या झाकणाशी खेळू बघे. एकदा गुरुजींच्या कफावर रंगाच्या डागांत एक काळा डाग निघाला. रंग उतरले, तो उतरेना. मालक कितीतरी वेळ तो कफ हातात धरून बसला. मग त्याने मला उचलले.

त्या संध्याकाळी मुलगी आमच्या फळ्यावर बसून वडिलांची वाट बघत होती. अंधार पडला तरी कोणी आले नाही. मालकाने तिला वर नेले, जेवू घातले आणि पोटच्या पोरीसारखे वाढवले. काही महिन्यांनी ती त्याला बाबा म्हणू लागली. पहिल्यांदा ती हाक ऐकली तेव्हा तो टेबलाला टेकून ढसाढसा रडला.

त्यानंतर त्याने कोटवाल्याला हात जोडून सांगितले, की माझी नजर आता काम देत नाही. कोटवाला हसला आणि सुटी देऊन निघून गेला. मला माळ्यावर टाकण्यात आले. खाली विजेची इस्त्री आली. माझ्या पोटात कोळ्यांनी जाळी केली, बुडाला गंज चढला. तुम्हाला वाटेल, मी दुःखी असेन. खरे सांगते, माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस सुखाचे होते.

मुलगी मोठी झाली, दुकान सांभाळू लागली. तिचे लग्न लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका सरळमार्गी, थट्टेखोर मुलाशी झाले आणि तोही वरच्या खोल्यांत राहायला आला. "मामंजी, लोकांना वर-खाली करण्यात माझा जन्म चाललाय," असे म्हणून तो म्हाताऱ्याला रोज हसवत असे.

मग एका दुपारी, मुलगी बाजारात गेली असताना, राखाडी कोट पुन्हा फळ्यावर पडला. कोटवाला आता काठी टेकत होता.

"या गल्लीत परत कोणीतरी छापतंय," तो म्हणाला. "कोण ते तू शोध. खूण जुनीच."

"मी ते काम सोडलं. तुम्हीच सुटी दिली होतीत."

"हो ना. आणि पोरगी काय छान दुकान चालवते! तिच्या बापाच्या बाहीवर ती घडी कोणी घातली, ठाऊक आहे तिला?"

मालकाच्या तोंडचे पाणी पळाले. "साहेब, ती मला बाबा म्हणते हो."

"म्हणू दे की. एवढं एक काम कर, म्हणजे पुढंही म्हणेल."

मालकाने आठवडाभर गल्लीतले कपडे तपासले. घड्याळजीच्या कफावर तेलाच्या डागाखाली काळी शाई निघाली. विजेच्या इस्त्रीची घडी त्याला हवी तशी बसेना, म्हणून त्याने मला माळ्यावरून काढले, राखेने घासले आणि निखारे भरले. मला वाटत होते, आता हा थांबेल. तो थांबला नाही.

तेवढ्यात मुलगी आत आली. "बाबा! जुनी इस्त्री काढलीत? आणि हे काय, बाहीवर दोन घड्या पडल्या की!"

म्हातारा गडबडला. "चूक नाही ती," तो म्हणाला. "जुन्या काळी शौकीन लोकांना अशीच आवडायची. मुद्दाम घालून घ्यायचे."

मुलीचा चेहरा फुलला. कित्येक वर्षांत बाबांनी इस्त्रीला हात लावला नव्हता. आज त्यांना काम करावेसे वाटले, याचाच तिला आनंद झाला. म्हातारा दमून वर जाऊन आडवा झाला. माझ्यातले निखारे अजून फुललेले होते. तिने नवऱ्याचा निळा सदरा काढला, डावी बाही टेबलावर पसरली आणि बाबांना खूश करायचे म्हणून मोठ्या हौसेने तशाच दोन घड्या घातल्या. मी जीव तोडून चटका द्यायला बघितले, निदान बाही जळावी म्हणून. पण इस्त्री हाताबाहेर जात नाही. घड्या फार सुरेख आल्या.

दुसऱ्या दिवशी गार वारा सुटला होता. घड्याळजीने सदऱ्यावर जाड कोट चढवला आणि त्याची बाही झाकली गेली. जावई मात्र नुसत्या सदऱ्यावर दुकानातून बाहेर पडला. आरशात बघून बायकोला म्हणाला, "आज काय, साहेबच झालो की मी!" म्हातारा फळ्याशी बसला होता. त्याची नजर बाहीवर गेली तेव्हा जावई गल्लीच्या मध्यावर पोहोचला होता.

"अरे, थांब! माघारी ये!" म्हातारा ओरडला. त्याला उठता येईना.

जावयाला वाटले, मामंजी निरोप देताहेत. त्याने हसून डावा हात उंच करून हलवला. कोपऱ्यावरची दोन माणसे भिंतीपासून सुटली आणि त्याच्या मागे चालू लागली.

कोटवाला कोट न्यायला एकदाच आला. म्हाताऱ्याने त्याचे पाय धरले. "चुकीचा माणूस नेलात हो! त्यानं काही केलं नाही."

"खूण तुझ्याच दुकानाची होती ना?" तो शांतपणे म्हणाला. "आमच्याकडून कोणी परत येत नसतं, तुला माहीत आहे." कोट हातावर टाकून तो निघून गेला.

मुलगी सगळीकडे फिरली. चौकीत, इस्पितळात, लिफ्टच्या कचेरीत. रोज येऊन विचारते, "बाबा, कुठं गेले असतील हो?" म्हातारा मांडणीवरचे गठ्ठे पुन्हा मोजायला घेतो. एक गोष्ट सांगायची तर दुसरीही सांगावी लागेल. बाप नेला तेव्हा हात त्याचा होता आणि नवरा नेला तेव्हा तिचा. हे तिला कसे सांगणार? अलीकडे तो जेवतही नाही. माळ्याखाली भिंतीकडे तोंड करून बसतो.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, की आम्हाला टाकू नका, जपा. माझी विनंती उलटी आहे. मला मोडीत द्या. मला वितळवा, माझे खिळे करा, काहीही करा. आणि तुमच्या हातात कोणी कौतुकाने एखादे हत्यार दिले, तर ते आधी कशाला वापरले होते हे विचारल्याशिवाय राहू नका.

काल एक भंगारवाला आला होता. मला उचलून त्याने वजनाचा अंदाजही घेतला. मुलीने मला त्याच्या हातातून काढून घेतले आणि पदराने माझे बूड पुसले.

"ही नाही द्यायची," ती म्हणाली. "आमच्या बाबांची आहे."