भिंतीत हरवलेला दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. थांबा, लगेच दिवाणखान्याचा रुबाबदार दरवाजा डोळ्यांपुढे आणू नका. मी बाथरूमचा दरवाजा. ज्याच्याकडे पाहुण्यांना बोट न दाखवता नुसती मान हलवून "तिकडे" म्हणतात ना, तो.

सुताराने मला आणि घराच्या पुढच्या दरवाजाला एकाच ओंडक्यातून कापलं. माझ्या त्या सख्ख्या भावाला नक्षी मिळाली, पितळी मूठ मिळाली, नावाची पाटी मिळाली. माझ्या वाट्याला काळपट तपकिरी पॉलिश, एक साधी लाकडी मूठ आणि आतून एक कडी. तो आल्यागेल्याचं स्वागत करी. माझ्यासमोर माणसं उभी राहून ओरडत, "आवरलं का? की झोप लागली आत?" मला माझ्या जागेची लाज वाटे. खोटं कशाला बोलू?

घरात माणसं तीनच. सासरे, मुलगा आणि सून. सासऱ्यांनी उभं आयुष्य मालट्रक चालवला, म्हणून सगळी गल्ली त्यांना उस्ताद म्हणे. घाटात धुकं उतरलं की बाकीचे गाड्या कडेला लावून चहा पीत बसत आणि उस्ताद मात्र सावकाश वळणं घेत पुढे निघून जात. त्यांच्या नजरेची अशी ख्याती होती.

ती नजर अधू झाली होती. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, कारण माझ्याकडे सगळ्यांनाच यावं लागतं. पॅसेजच्या भिंतीला फिकट लाकडी फळ्या होत्या आणि त्यांत मी एकटाच काळा. उस्तादांना तेवढा काळा ठोकळा दिसे. त्याच्या रोखाने ते ताठ मानेने चालत येत आणि बरोबर माझ्या मुठीवर हात ठेवत. सकाळी पेपर उघडून बसत, अंदाजाने पानं उलटत आणि सुनेला म्हणत, "माझं वाचून झालंय. तुला काय विशेष वाटलं ते सांग बघू." ती बिचारी सांगत बसे.

सून औषधांच्या दुकानात काम करी. दिवसभर पांढऱ्या कोटात वावरूनही तिची पांढऱ्याची हौस फिटली नव्हती. पॅसेज फार अंधारा आहे, असं तिच्या मनाने घेतलं. एका सुट्टीला तिने कंबर कसली. आधी पॉलिश पेपरने माझा जुना रंग खरवडला. मग तारेच्या ब्रशने माझ्या रेषा मोकळ्या केल्या. पांढऱ्या रंगात पाणी घालून तो ताकासारखा पातळ केला. थोड्या भागावर लावायचा आणि वाळायच्या आत जुन्या बनियनने पुसून घ्यायचा. वरचा रंग निघून जातो, रेषांमध्ये मुरलेला तेवढा राहतो.

"पुसायचाच होता तर लावला कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"तू चहा कर. तुला कळायचं नाही ते."

"आणि ते बनियन माझं होतं."

"होतं," ती म्हणाली आणि पुसत राहिली.

भिंतीच्या फळ्यांनाही तिने तोच हात दिला. माझी जुनी मूठ काढून एक छोटीशी पांढरी गोळी बसवली. मी खरंच देखणा झालो. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी थांबून पाहिलं आणि मी असा काही फुगलो की विचारू नका. रंगकामानंतरच्या दोन दिवसांत उस्ताद माझ्याकडे कसे पोचत होते? मुलगा नाहीतर सून आत जायला निघाली की त्यांच्या पावलांच्या मागोमाग येत आणि बाहेर उभे राहत. हे मला दिसत होतं. पण मी स्वतःच्याच रूपावर लट्टू होतो.

मग सुनेच्या दुकानाचे मालक सहकुटुंब घर बघायला आले. पॅसेजच्या तोंडाशी उभं राहून ती म्हणाली, "ओळखा पाहू, बाथरूमचं दार कुठंय?"

मालकीणबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "अगंबाई! कळतच नाही की!"

सगळे हसले, मीही मनातल्या मनात हसलो. दरवाजाला दरवाजा म्हणून कुणी ओळखू नये, यात मला मोठेपणा वाटला.

मंडळी बाहेरच्या खोलीत, पॅसेज दिसेल अशी चहाला बसली आणि उस्ताद खोलीतून निघाले. पॅसेजमध्ये येऊन थबकले. त्यांनी भिंतीवर हात ठेवला. मग थोडा पुढे, मग मागे. ते माझ्यावरून तळवा फिरवत गेले आणि थांबले नाहीत. ती गोळी त्यांच्या हातापेक्षा वर राहिली.

"घ्या, आजोबांनाही सापडेना!" मालक कौतुकाने म्हणाले आणि पुन्हा हशा पिकला.

उस्तादही हसले. त्यांचा हात मात्र भराभर फिरू लागला. मी इथे आहे, उस्ताद, इथे! पण मला कुठला आवाज? निदान किलकिला तरी व्हायचं, तर तेही मला जमलं नाही. आणि मग, सगळ्यांच्या देखत, त्यांच्या पायजम्यावरून पाणी खाली आलं.

हसू जागच्या जागी विरलं.

"पाणी सांडलं वाटतं माझ्या हातून," उस्ताद म्हणाले. त्यांच्या हातात पेला नव्हता.

"हो बाबा, मीच मघाशी तिथे ओलं ठेवलं होतं," असं म्हणत सून धावली. पाहुणे चहाच्या कपांत बघत बसले. माणसाची लाज झाकणं हे माझं एकुलतं एक काम, आणि नेमक्या त्या घडीला मी भिंत होऊन मिरवत होतो. त्या दिवशी मला जी लाज वाटली, तिच्यापुढे आधीची लाज म्हणजे नुसते नखरे होते.

उस्तादांनी पाणी पिणं जवळजवळ सोडलं. ओठ सुकले, तरी "तहान नाही" म्हणत. सुनेला वाटलं, वय झालं, ताबा सुटला. तिने दुकानातून मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट आणलं आणि त्यांच्या पलंगावर ठेवलं. उस्तादांनी ते चाचपलं, काय आहे ते कळलं, आणि तोंड भिंतीकडे करून ते झोपून राहिले. दोष माझा आणि पाकीट त्यांना!

एका दुपारी घर रिकामं आहे असं समजून ते उठले आणि नखांनी फळ्यांच्या फटी शोधू लागले. सून लवकर घरी आली होती. पॅसेजच्या टोकाशी उभी राहून ती बघत होती. बराच वेळ बघत होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही का हो?"

उस्ताद दचकले. मग ताठ झाले. "न दिसायला काय झालं? हे काय दार!" आणि त्यांनी भिंतीवर थाप मारली.

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाजात तिने ते येऊ दिलं नाही. पुढे होऊन तिने मला उघडलं. "हो बाबा. या." ते आत गेले. ती तिथेच जमिनीवर बसली, तोंडात पदर कोंबून.

ते पाकीट तिने त्याच संध्याकाळी परत नेलं. येताना गडद पॉलिशचा डबा आणला आणि मला पुन्हा काळं केलं. पण रेषांत मुरलेला पांढरा काही केल्या जाईना. आता मी कलप लावलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसतो, मधूनमधून पांढरा. माझा भाऊ बघेल तर हसेल. मालकीणबाई परवा आल्या तेव्हा हळहळल्या. "अगं, इतकं सुंदर दार होतं! काय केलंस हे?"

"बाबांना दिसत नाही," सून म्हणाली, आणि चपापून तिने जीभ चावली. उस्ताद समोरच बसले होते.

उस्तादांनी हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"नाही दिसत," ते म्हणाले. "सूनबाई, जरा पाणी दे. मोठा पेला दे."