चांगली बाजू आधी

मोबाइल औषधांच्या डब्याला टेकवून तिने तो बाबांच्या पलंगाकडे वळवला आणि कोमट पाण्यातून टॉवेल पिळून काढला. पडद्यावर जपानी शिकवणाऱ्या बाई चष्मा पुसत बसल्या होत्या.

"करा सुरुवात," बाई म्हणाल्या. "आधी सांगायचं, मग विचारायचं, मग हात लावायचा. उगाच घाई नको."

तिने पलंगाशेजारी गुडघे टेकले. माणूस निजलेला असताना आपण उभं राहून बोललं, तर रुग्णसेवेच्या परीक्षेत गुण कापतात. मग ती हळू, गोड आवाजात जपानीत म्हणाली, की मी आता तुम्हाला सदरा काढायला मदत करते, आणि शेवटी विचारलं, "योरोशिई देस का?" चालेल ना?

बाबांनी छताकडे बघत ठरलेलं उत्तर दिलं.

"हाइ, ओनेगाइशिमास." हो, करा, एवढाच त्याचा अर्थ, पण अदबीने.

"बाबांचा उच्चार तुमच्यापेक्षा चांगला आहे हो," बाई म्हणाल्या.

"तिला शंभर कामं असतात," बाबा म्हणाले. त्यांची जीभ अजून थोडी जड होती. "मला दुसरा उद्योग काय आहे?"

बाबांनी उभी हयात लोकांना मोटार चालवायला शिकवली होती. शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली जादा ब्रेक ठेवून, अर्ध्या गावाचे हात त्यांनी स्टिअरिंगवर बसवले. नंतर एका सकाळी दात घासता घासता त्यांची डावी बाजू गेली. थोरला मुलगा लांब होता, आई या दुखण्याच्या आधीच वारलेली. धाकटी घरात होती, म्हणून सगळं धाकटीवर आलं. तिने ते केलंही. औषध कधी चुकलं नाही, चादर कधी मळकी राहिली नाही. येणारे-जाणारे तिचे गोडवे गात. फक्त ती बोलायची ते असं : "उचला हात. वर. अजून वर. झालं." अहोजाहो होतं, पण गादी झटकताना गादीशी जेवढं बोलतात तेवढंच.

जपानीच्या वर्गाबद्दल तिने घरी ताकास तूर लागू दिली नव्हती. टायरच्या दुकानावरच्या खोलीत तो वर्ग भरायचा आणि जिन्यात रबराचा वास यायचा. नव्याने आलेला प्रत्येक जण तेच प्रश्न विचारी. किती महिन्यांत येईल? नुसतं बोलायला शिकलं, ती चित्रासारखी अक्षरं सोडून दिली, तर चालेल का? बाईंची उत्तरंही ठरलेली असत. तुम्ही सोडलीत तरी औषधाच्या बाटलीवरून ती जाणार नाहीत, म्हणायच्या. तीन तीन लिप्यांनी तिच्या नाकी नऊ आणले. कागद मोजायचे शब्द वेगळे, पेन्सिली मोजायचे वेगळे, माणसं मोजायचे आणखी वेगळे. क्रियापद शेवटी येतं एवढाच काय तो आधार, तेवढं आपल्यासारखंच. पण जपानमधल्या वृद्धाश्रमांत कामाला मुली हव्या होत्या, आणि तिला या खोलीतून बाहेर पडायचं होतं. सगळं पक्कं होत आल्यावर तिने बाबांच्या कानावर घातलं. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. बाबा म्हणाले होते, "बरं."

ती बाबांच्या डाव्या बाहीला हात घालणार तोच बाई पडद्यावरून म्हणाल्या, "थांबा, थांबा. उलटं करताय. काढताना चांगली बाजू आधी. घालताना दुखरी बाजू आधी. हे तर पहिल्या धड्यातलं आहे."

तिने उजवी बाही आधी सोडवली. मग पाठीमागून सदरा सरकवला, आणि डाव्या हातावरून तो आपोआप खाली आला. हात जागचा हललासुद्धा नाही.

"अरे," बाबा म्हणाले. "आलाच की."

ते इतक्या नवलाने म्हणाले, की ती पुढचं वाक्य विसरली. बाईंनी ते सुचवलं. इताकु नाइ देस का? तिने तसंच म्हटलं.

"याचा अर्थ काय?" बाबांनी विचारलं.

"दुखत नाही ना, असं. प्रत्येक वेळी विचारायचं असतं."

"प्रत्येक वेळी?"

"हो."

बाईंनी बारीकसारीक दोन-तीन चुका सांगितल्या आणि फोन बंद झाला. मग तिने घरच्या भाषेत विचारलं, "एवढे दिवस मी डावीकडून काढत होते. दुखायचं का?"

"दुखायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू घाईत असायचीस," बाबा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. आज भाजी नाही आणली, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

ती पाणी बदलायला गेली आणि नळ सोडून उभी राहिली. बादली भरून वाहायला लागली तरी ती तशीच होती. तिला फार वाईट वाटलं. रोज सकाळी एकदा, रोज संध्याकाळी एकदा, आणि त्या माणसाने एकदाही हूं की चूं केलं नव्हतं.

वाईट वाटलं म्हणून माणूस लगेच सुधारतो असं नाही. सदरा ती आता बरोबर काढू लागली. पण सराव नसेल त्या सकाळी तिच्या तोंडून तेच यायचं, उचला, वर, झालं. अशाच एका सकाळी बाबांनी उजवा हात उचललाच नाही.

"त्या भाषेत सांग," ते म्हणाले.

"बाबा, आता वेळ नाहीये. मला कागदपत्रांसाठी जायचंय."

"त्या भाषेत तू विचारतेस."

तिला वाटलं, गंमत करताहेत. ती हसली.

"हसू नको. मी पोरांना काय शिकवायचो? वळायच्या आधी हात दाखवा. मागच्याला कळू द्या. न सांगता वळणारा गाडी चांगली चालवत असला, तरी मागच्याचा जीव जातो." एवढं बोलून त्यांना दम लागला. "ती माणसं हात दाखवतात. शहाणी असावीत."

ती गुडघ्यांवर बसली आणि जपानीत विचारलं. बाबांनी उत्तर दिलं आणि हात वर केला. त्या दिवशी तिला कचेरीत पोचायला उशीर झाला.

परीक्षेत ती पहिल्या झटक्यात पास झाली. आवाजात आपुलकी आहे, असा परीक्षकांचा खास शेरा होता. बाईंनी तो वर्गात सगळ्यांना वाचून दाखवला, तेव्हा ती खाली मान घालून बसली होती. मुलींना तो विनय वाटला.

जायच्या आठवड्यात बाबांसाठी ठेवलेल्या मावशी काम समजून घ्यायला आल्या. दणकट बाई, हाताला चांगल्या, चार घरी अशी कामं केलेल्या. आल्या आल्या त्यांनी पदर खोचला, "चला आजोबा, उठा बघू," म्हणत बाबांच्या काखेत हात घातला आणि त्यांना बसतं केलं. सगळं चोख, झटपट. बाबांनी डोळे मिटून घेतले होते.

तिला मावशींच्या जागी ती स्वतःच दिसली.

"मावशी, असं नको," ती म्हणाली. "आधी त्यांना सांगायचं, मी काय करते ते. मग विचारायचं, चालेल का. मग हात लावायचा. आणि मधे मधे, दुखत नाही ना, असं."

मावशी कमरेवर हात ठेवून हसल्या. "एवढं पुराण? अहो, घरच्या माणसाला कोण विचारत बसतं? तुम्ही खरंच रोज असं करता होय?"

टॉवेल तिच्या हातात होता. त्यातलं पाणी तिच्या पायावर ठिबकत होतं. हो म्हणायला तोंड नव्हतं आणि नाही म्हटलं तर मावशींना शिकवायचा हक्क राहत नव्हता. ती बाबांकडे बघू शकली नाही.

"करते," बाबा म्हणाले.

मावशींनी वळून पाहिलं.

"रोज करते," बाबांनी जिभेला ताण देत एक एक शब्द नीट लावला. "पहिल्यापासून. मला तीच सवय आहे."

"मग तसंच करू की," मावशी म्हणाल्या. "आपलं काय जातं?" आणि त्या पाणी गरम करायला आत गेल्या.

खोलीत दोघंच राहिली. उघड्या बॅगेत तिचे नवे, पांढरे, आवाज न करणारे बूट वर ठेवलेले होते. बाबा त्यांच्याकडे बघत होते.

"खोटं कशाला बोललात?" तिने विचारलं.

"यापुढे ती आहे ना माझ्याजवळ," बाबा म्हणाले. "तिने शिकायला नको?"

ती पलंगाशेजारी गुडघ्यांवर बसली. वाक्य सोपं होतं, एकही अक्षर पाठ करावं लागणार नव्हतं, तरी तिने आधी टॉवेलची घडी घातली. मग ती घरच्या भाषेत, हळू म्हणाली, "बाबा, मी आता तुमचा डावा हात उचलते. चालेल ना?"

आत मावशींनी पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. घरच्या भाषेत हा प्रश्न बाबांना आजवर कोणी विचारला नव्हता, आणि त्याचं उत्तर त्यांना एकाच भाषेत येत होतं.

"ओनेगाइशिमास," ते म्हणाले.