ओतूरच्या कवळीचा परदेशातला पहिला दिवस

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनी कवळी आहे. दाताखाली रगडून निघालेलं माझं आयुष्य तुम्हाला सांगावं, असं फार दिवस मनात होतं.

माझा जन्म जुन्नरला, दातांच्या दवाखान्यात झाला. साल दोन हजार पाच. ओतूरचे सयाजीबाबा खुर्चीत आ वासून बसले होते आणि त्यांच्या हिरड्यांचा साचा घेऊन डॉक्टरांनी मला घडवलं. मी दिसायला देखणी होते. अठ्ठावीस दात, सगळे एका रांगेत! डॉक्टर म्हणाले, "मामा, आठ दिवसांनी परत या. टोचेल तिथं घासून देतो." मामा म्हणण्याचं कारण होतं. डॉक्टर ओतूरचे जावई होते.

मला करवून घेण्याचा हट्ट साळुबाईंचा, म्हणजे सयाजीबाबांच्या बायकोचा. त्यांचा मुलगा भगवंत सिंगापूरला नोकरीला होता. 'पुढच्या वर्षी तुम्हाला नेतो' असं तो सहा वर्षं म्हणत होता. कधी कांदा काढणी आडवी यायची, कधी त्याला रजा मिळायची नाही. अखेर तिकिटं आली तशी साळुबाईंनी नवऱ्याला जुन्नरच्या एसटीत बसवलं. बाबांचे दात जाऊन पाच वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या रोज त्यांची भाकरी आमटीत कुस्करून द्यायच्या, मऊ झाली की नाही ते बोटांनी बघायच्या आणि मग आपल्या गारढोण ताटाकडे वळायच्या.

आता आपण कामाला लागणार म्हणून मी हरखले होते. पण डावीकडे खाली माझी एक कड बाबांच्या हिरडीला टोचायची. परत दवाखान्यात जायचं, दोन मिनिटांचं काम. बाबा गेले नाहीत. वाटेत डॉक्टर भेटले तेव्हा बाबाच म्हणाले, "झकास बसली, पावणं." आणि घरी येऊन मला सदऱ्याच्या खिशात टाकलं. फोटो असला की मी तोंडात, ताट आलं की खिशात. चावण्यासाठी जन्मलेल्या कवळीला याहून मोठा अपमान कोणता?

सिंगापूरला उतरलो त्या सकाळी मात्र माझी चंगळ झाली. भगवंत सारखा फोटो काढत होता. समुद्राकाठी तोंडातून पाणी सोडणारा एक भला मोठा दगडी सिंह होता. साळुबाई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. "दिसभर सोडतो का रं ह्यो पाणी? आपल्याकडं नळाला येक दिसाआड येतंय," त्या म्हणाल्या. बाबा खो खो हसले आणि मी उन्हात चमकले.

दुपारी एका लांबलचक छपराखाली आलो. खाण्याच्या पन्नासेक टपऱ्या आणि मधे टेबलं. जेवून पक्ष्यांची बाग बघायला जायचं होतं. भगवंतने कुरकुरीत डोसे आणले. बाबांनी मला हळूच काढलं. पण त्या दिवशी अंगात भगवंतने दिलेला नवा टी-शर्ट होता, त्याला खिसा नव्हता. त्यांनी मला कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवलं. साळुबाईंनी ते पाहिलं. त्यांनी बाबांचा डोसा सांबारात कुस्करायला घेतला. त्यांचा स्वतःचा डोसा तिथेच गार पडून वातड झाला. मला फार लाज वाटली.

जेवून सगळे उठले. टेबलं पुसणारी एक चिनी म्हातारी आली, तिने ताटं उचलली आणि रुमालासकट मला कचऱ्यात लोटलं. वर शेवया येऊन पडल्या. संपलं म्हटलं आपलं.

टॅक्सीजवळ भगवंतने कॅमेरा वर केला, तेव्हा बाबांचा हात तोंडावर गेला. सगळे धावत परत आले. भगवंत म्हातारीला इंग्रजीत समजावू लागला, तिला काही उमगेना. मग बाबा पुढे झाले, त्यांनी आ वासला आणि बोळक्याकडे बोट दाखवलं. म्हातारीने स्वतःच्या तोंडात हात घालून आपली कवळी काढली आणि त्यांच्यासमोर धरली. दोघंही बोळक्या तोंडाने हसली. तिने हातमोजे चढवले, कचऱ्याची पिशवी उपसली आणि चौथ्या रुमालात मी सापडले. गरम पाण्याने धुऊन तिने मला बाबांच्या हातावर ठेवलं. साळुबाईंनी तिला हात जोडले आणि त्या बाकावर बसल्या.

"आई, उशीर झाला. पक्षी उद्या बघू," भगवंत म्हणाला.

"पक्षी न्हाई बघितलं तरी चालंल मला," साळुबाई म्हणाल्या. "परदेशात तरी येक जेवण गरम खायचं व्हतं. म्हणून तर कवळीचा येवढा धोसरा घेतला."

बाबा खाली बघत म्हणाले, "टोचती गं. पयल्या दिसापासनं."

"मग डागदराला का न्हाई सांगितलं?"

"गावच्या जावयाच्या कामाला नावं ठिवायची? त्याला काय वाटंल?"

"आन मला काय वाटत आसंल?"

भगवंत उठला आणि दोन वाफाळते डोसे घेऊन आला. बाबांनी मला त्याच्या हातात दिलं. एक ताट साळुबाईंपुढे सारलं, दुसरं स्वतःकडे ओढलं आणि आपला डोसा आपणच कुस्करू लागले. त्यांना धड जमत नव्हतं, सांबार मनगटापर्यंत आलं. साळुबाईंचा हात सवयीने पुढे गेला, तेव्हा त्यांनी ताट बाजूला घेतलं.

"खा तू. निवंल," ते म्हणाले.

साळुबाईंनी घास मोडला. तोंड पोळलं तरी त्या थांबल्या नाहीत. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

परत आल्यावर जुन्नरला जावईबापूंनी दोन मिनिटांत माझी कड घासली. त्यांना काडीचंही वाईट वाटलं नाही. पुढे बाबांची बाजरीची भाकरी मीच चावली. आता मी झिजले आहे, कपाटात असते, पण तक्रार नाही.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्यांची कवळी रोज धुवा. कुठे टोचतं का, ते विचारा, कारण आपणहून ते सांगायचे नाहीत. आणि आज रात्री जेवताना एवढं बघा, तुमच्या घरात सगळ्यांत शेवटी ताटावर कोण बसतं. गार होण्याआधी त्यांना हाक मारा.