शेंदराचा हात

प्रयागबाईचा पदर इंजनाच्या पट्ट्यात गेला, तेव्हा मी जिनिंगच्या फाटकावर शिखरचंद सेठचं नाव रंगवत होतो. आतून एकच ओरडा आला आणि इंजन थांबलं. ऐन हंगामात, भर दिवसा इंजन थांबलं म्हणजे काय झालं असेल, हे आमच्या कारंजा गावात कुणाला सांगावं लागत नाही. माझी बायको गोजरा त्याच रांगेत, सरकी काढायच्या यंत्रात कापूस घालायला होती. ती बाहेर येईपर्यंत माझ्या हातातला ब्रश तसाच टपकत राहिला. ती आली. केसांत रुई, डोळे कोरडे. "प्रयागमाय गेली," एवढंच म्हणाली.

पंधरा दिवसांनी सरकारी साहेब पाहणीला आला. पट्ट्याशेजारी धोक्याची पाटी लावा, आणि मजुरांना समजेल अशी लावा, असं लिहून ठेवून गेला. सेठजींनी मला बोलावलं.

"जगदेव, पट्ट्याजवळ जाऊ नये, असं मोठ्या अक्षरात लिव्ह. इंग्रजीतबी लिव्ह."

"साठ बायाईत एकीलेबी वाचता येत नाई, सेठजी. अक्षरं कोनासाठी काढू?"

"मंग तूच ठरव काय काढाचं ते."

झालं, तिथंच माझी मान ताठ झाली. मी स्वतःला फार शहाणा समजत होतो. कवटी काढली तर बाया भिऊन कामावरच यायच्या नाहीत. डोळा काढला तर पोरांना नजर लागते म्हणून ओरड करतील. मी हात निवडला. उघडा पंजा, समोरच्याला अडवणारा. तो बघून जो थांबणार नाही त्याला अक्कलच नाही, असं मी मुकादम उकंडरावांना छाती काढून सांगितलं.

घरी अंगणात काळ्या रंगवलेल्या पत्र्यावर गोजराचा उजवा हात ठेवून घेतला आणि खडूनं कड आखली. "गुदगुल्या होऊन राह्यल्या ना," म्हणत ती हसली. तिचं तसं हसणं मी पुन्हा ऐकलं नाही. पत्र्यावर टिकेल असा लाल रंग एकच, अळशीच्या तेलात खललेला शेंदूर. काळ्यावर शेंदरी पंजा असा उठून दिसला की मी स्वतःवरच खूश झालो. पट्टा जिथं भिंतीतून आत येतो, तिथं मी ती पाटी ठोकली.

तिसऱ्या दिवशी पंजाच्या मधोमध कुंकू होतं. मी पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कुंकू, खाली खोबऱ्याचे तुकडे, आणि मनगटावर हिरव्या बांगड्या रंगवलेल्या. चांगल्या सफाईनं काढलेल्या, हात न थरथरता. कारंज्यात तेव्हा रंगाचं काम करणारा मी एकटा, आणि माझा हिरव्या रंगाचा डबा घरी न फोडलेला पडला होता.

"कोनं काढल्या ह्या?" मी ओरडलो.

रंगूबाई सगळ्यांत म्हातारी. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "काढाले कायले लागते? सवाशीण गेली ते. तिचाच हात हाये."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या गावांच्या शिवारात सतीचे दगड असतात. दगडावर कोपरापासून उभा हात, मनगटात बांगड्या आणि अंगाला शेंदूर. लहानपणापासून मी त्या दगडांसमोर हात जोडत आलो, आणि नेमका तोच हात पत्र्यावर काढून ठेवला. जिथं पाऊल पडू नये म्हणून हात काढला, तिथंच साठ बाया रोज सकाळी पदर डोक्यावर घेऊन वाकत होत्या. पट्टा त्यांच्या डोक्यापासून वीतभर लांब. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

सेठजी पाटी काढू देईनात. पाटी लावल्याचं साहेबाला कळवून झालं होतं, आणि बाया आता न भिता काम करत होत्या. मी पाटीवर डांबर फासलं. दोन दिवसांत पंजा डांबरातून वर आला, बांगड्यांसकट. वीस वर्षं रंगात हात घातलेत मी. डांबरातून शेंदूर वर येत नाही.

वाकणाऱ्यांत गोजराही होती. "तू जात नको जाऊ," मी तिला म्हटलं.

"ते आमाले सांभाळते," ती म्हणाली.

मग मला राहवलं नाही. दुपारच्या भाकरीला इंजन बंद होतं, हवेतली रुई सावकाश खाली बसत होती. मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि खरं ते सांगून टाकलं. हा हात प्रयागबाईचा नाही. माझ्या बायकोचा आहे. ही समोर बसली, हिचाच हात ठेवून मी काढला आहे.

मग रंगूबाईनं विचारलं, "जित्या बाईचा?"

"हो, जित्या बाईचा!"

रंगूबाई उठली. कनवटीचं कुंकू काढून तिनं गोजराच्या कपाळाला लावलं आणि तिच्या पायावर डोकं ठेवलं. तिच्यामागून दुसरी उठली, मग तिसरी. मी ओरडत होतो, अरे, रंग आहे तो, मी आणलेला शेंदूर आहे. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. गोजरा आपला उजवा हात उलटसुलट करून बघत होती.

घरी तिनं त्या हातानं चुलीत लाकूड सारणं सोडलं. मी विनवलं, रागावलो. ती शांतपणे म्हणाली, "मी काई केलं नाई. तुमीच मले तिथं उभं करून ठेवलं."

दुसऱ्या दिवशी पहिल्या भोंग्याआधी मी जाऊन पाटी उपटली आणि जिनिंगमागच्या पडक्या विहिरीत टाकली. पाण्याचा आवाज ऐकून जिवाला बरं वाटलं. घरी आलो तर गोजरा कामावर निघून गेली होती. भोंगा झाला आणि मी पळत सुटलो.

आत रुईचं धुकं होतं. बाया ओळीनं उभ्या होत्या, पट्ट्यापासून दहा हात लांब, आणि तिथूनच जमिनीला डोकं टेकत होत्या. एकही पुढं सरकत नव्हती. पाटी होती त्या जागी भिंतीला पाठ लावून गोजरा उभी होती. हातात हिरव्या बांगड्या, उजवा पंजा वर. तिच्या खांद्यामागून पट्टा फडफडत धावत होता.

मी तिचं नाव घेऊन ओरडलो. पट्ट्यानं आवाज गिळला. बायांना ढकलून मी पुढं झालो, तसा तिनं पंजा माझ्याकडे वळवला. तिच्या डोळ्यांत माझी ओळख होती, राग नव्हता. मी आणखी एक पाऊल टाकलं. ती तेवढीच मागं सरकली, पट्ट्याकडे.

इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती. मी पाऊल मागं घेतलं, आणि ती पुन्हा भिंतीशी सरळ झाली. मी बायांच्या ओळीत जाऊन उभा राहिलो.