पंचेचाळीस अंशांचं झाड

पलीकडे विजेच्या तारा होत्या, म्हणून वाळकं झाड घराच्या बाजूलाच पाडायचं ठरलं. ते सासूबाईंच्या खोलीपर्यंत पोचेल का, एवढाच प्रश्न होता. त्यांना पलंगावरून हलवायचं म्हणजे आणखी एक हाड मोडायचं.

त्यांच्या खिडकीपासून दोन पावलं पुढे उभं राहून मी कोनमापकातून शेंडा पाहिला. कोन बरोबर पंचेचाळीस अंश. पंचेचाळीसचा टॅन एक, म्हणजे बुंधा माझ्यापासून जेवढा लांब, तेवढीच झाडाची उंची.

"नाही पोचत," मी झाड तोडणाऱ्याला ऐटीत सांगितलं.

यंत्राची करवत सुरू झाली आणि चूक माझ्या लक्षात आली. कोन मी डोळ्यांपासून मोजला होता; जमिनीपासून डोळ्यांपर्यंतची माझी उंची मिळवलीच नव्हती. ती दोन पावलं त्यातच संपत होती. मी ओरडले, पण त्या आवाजात ऐकतंय कोण? खोड करकरलं. मी आत धावले आणि सासूबाईंवर ओणवी झाले.

"आज एवढं प्रेम उतू चाललंय?"

"असंच हो, आई."

"खोटारडी. थरथरतेयस किती."

जमीन हादरली. काच फुटली नाही; एक काटकी तिच्यावरून खरडत खाली गेली.

"कोण आलंय बघ," सासूबाई म्हणाल्या. मला त्यांच्यावरून उठवेना.