बारा मीटर खोलीवरची मेंदी

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, देवासच्या टेकडीखाली एका समाजमंडळाच्या सभागृहात, धीरजच्या खांद्यावर शाल चढली आणि हातात नारळ आला. मानपत्रात लिहिले होते : 'अंदमानच्या समुद्रात बारा मीटर खोल उतरणारा आपल्या समाजातला पहिला वीर.'

धीरज उतरला नव्हता. स्कूबा-प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात गुडघे टेकायचे, मास्कमध्ये पाणी घ्यायचे आणि नाकाने फुंकून बाहेर काढायचे, एवढाच धडा होता. तो दोनदा धडपडत उभा राहिला. तिसऱ्या वेळी त्याला सर्दी झाली. पुढचे तीन दिवस त्याने होडीवर बसून प्रशिक्षकाला सूचना दिल्या. प्रशिक्षण पुरे केले ते त्याच्या बायकोने, उर्वशीने. ती धारची, तलावात पोहायला शिकलेली. प्रशिक्षणाचे कार्ड तिच्या नावाचे होते आणि आत्ता, सभागृहात, तिच्या पर्समध्ये होते.

घरी फोन मात्र धीरजने केला. "बाबा, उतरलो." बाबा म्हणजे गोपाळराव, मंडळाचे चिटणीस. संध्याकाळपर्यंत त्यांनी अर्ध्या देवासला कळवले. परतीच्या विमानात धीरज म्हणाला, "एवढं सांभाळून घे. तुला काय फरक पडतो?"

फरक असा होता. फेब्रुवारीतल्या पुढच्या वर्गात प्रशिक्षकाने तिच्यासाठी जागा राखली होती आणि आज संध्याकाळपर्यंत होकार मागितला होता. सकाळी चहाला तिने विषय काढला. गोपाळराव म्हणाले, "सूनबाई, होडीतून पाहिलात ना समुद्र? पुरे. धीरज जाईल."

सभागृहात प्रश्न सुरू झाले.

"भिया, एक टाकी में ऑक्सिजन कितनी देर चलती है?" मागच्या रांगेतल्या मयुरेश नावाच्या पोराने विचारले.

"तासभर. एकदम शुद्ध ऑक्सिजन," धीरज म्हणाला. "आपल्यासारख्यांना जास्त पुरतो."

टाकीत साधी हवा असते. हे पहिल्याच दुपारी शिकवले होते. धीरज तेव्हा हॉटेलात बसून सर्दीवर आल्याचा चहा पीत होता.

मग पडद्यावर व्हिडिओ लागला. तो धीरजनेच दिला होता, शेवटपर्यंत न पाहता. काळा पोशाख, मास्क, नळी. माणूस ओळखू येण्याची सोय नव्हती. मागे प्रवाळ आणि पिवळे मासे. त्या माणसाने कॅमेऱ्यापुढे हात धरला. तळहातापासून मनगटापर्यंत भरगच्च मेंदी होती, व्हिडिओच्या आठवडाभर आधी उर्वशीच्या भावाच्या लग्नात काढलेली.

गोपाळराव टाळ्या वाजवत होते. त्यांची बहीण उमाबाई पहिल्या रांगेत होती. तिने चष्मा सरळ केला.

"धीरज, मेंदी छान रंगलीय हो तुझी. नवरा जीव लावणारा दिसतो."

मागे कोणी तरी हसले.

"हातमोज्यांचं डिझाइन आहे ते, आत्या," धीरज म्हणाला.

सूत्रसंचालकाने घाईने माइक उर्वशीकडे दिला. "वहिनी, दोन शब्द. हे पाण्याखाली असताना होडीवर तुम्हाला काय वाटत होतं?"

अकरा वाजून चाळीस मिनिटांपर्यंतची माहिती अशी : उर्वशी उभी आहे, माइक तिच्या डाव्या हातात आहे आणि पर्स उघडलेली आहे.